बहुधा समभुज

पुस्तक एका पौंडाला मिळालं, पर्शोरच्या हाय स्ट्रीटवर,
मांजरांच्या मदतीसाठी चालणाऱ्या दुकानात.
कण्याला चिकटपट्टी, आत नाव: ए. जे. ट्रेहर्न,
पानापानांत डांबरगोळ्यांचा वास.

मुलगा म्हणाला, आई, फोन धर किड्यावर, नाव सांगेल.
सांगतो खरा. पण नुसतं उत्तर सांगतो,
आणि नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला
मी तीस वर्षं भूमितीच्या तासाला शून्य दिलेलं आहे.

पुस्तक रीत विचारतं.
मिशा टोकाला पंख्यासारख्या उघडतात? एकोणीसवर जा.
पुढच्या पायाला दाते दोन की तीन? तीन असतील तर बावीस.
काहीच जुळेना? मागे फिर, तुझं कुठंतरी चुकलंय.
कितीदा चुकले. एकदा तर साध्या शेणकिड्याला
गोगलगायी खाणाऱ्यांच्या घरात बसवून आले.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आता एकतीस जण आहेत.
टाचणी उजव्या पंखातून, मधोमध कधीच नाही.
खाली चिठ्ठी: गाव, तारीख, कशावर सापडला,
आणि मुंगीएवढ्या अक्षरांत म. तोडकर.
बरणीत लॉरेलची पानं ठेचून घालायची, त्यांच्या वासानं मरतात.
पहिला मरत होता तेव्हा मी मागच्या दारात जाऊन उभी राहिले.
एकतिसाव्याच्या वेळी चहा पीत होते.

कवलापूरला बाबा संध्याकाळी बाभळीवर काठी आपटायचे,
खाली आईचं जुनं लुगडं पसरलेलं,
शेजारी रॉकेलच्या पाण्याची बादली.
हुमणीच्या आया या, म्हणायचे, मोजायच्या नाहीत, ओतायच्या.
इथं मी उलट्या छत्रीवर फांदी झटकते
आणि पडेल त्याला भिंगाखाली घेऊन
तुम्ही कोण, असं अहोजाहो करून विचारते.

पान त्र्याऐंशी. हिरवा, सोन्याचं पाणी दिल्यासारखा,
पंखांवर चुन्याचे शिंतोडे. दुर्मिळ, म्हणतं पुस्तक,
जुन्या प्लमच्या पोकळ खोडात वाढतो.
गुलाबावरचा त्याचा भाऊ हुबेहूब तसाच. फरक एवढाच,
पंख जुळतात तिथला इवलासा त्रिकोण
भावाचा समद्विभुज, याचा समभुज.
समासात ट्रेहर्नची पेन्सिल:
७१, नाही. ७४, नाही.
७६, वाटला होता. समद्विभुज.
८३, नाही.
मग समास कोरा.

काल, जुलैच्या बारा तारखेला, हॉजेट्सच्या बागेत,
जिथली खोडं आतून चहाच्या चोथ्यासारखी झालीयत,
कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारख्या, पण डोक्याएवढ्या
एका पांढऱ्या छत्रीवर तो बसला होता. खात होता.
डोळ्याला भिंग, डाव्या हातात बरणी, झाकण उघडं.
त्रिकोण दिसला. तीन बाजू दिसल्या.
मोजपट्टी कुठून आणू? फळ्यावर काढलेले
हजारभर त्रिकोण आठवले आणि एकही कामाला आला नाही.

पुस्तक म्हणतं, शंका असेल तर नमुना घ्यावा.
शंका होती. बरणी होती. तोही कुठं पळत नव्हता,
उडाला तो चांगला दोनेक मिनिटांनी, आपल्या सवडीनं.
मी का नाही घेतला? लिहायला बसले तर
एक पायरीसुद्धा लिहिता येत नाही.
रीत नाही. शून्य गुण.

रात्री चाकूनं पेन्सिलीला टोक काढलं
आणि ट्रेहर्नच्या शेवटच्या ‘नाही’खाली लिहिलं
तारीख, आणि बहुधा समभुज.
उद्या कुणी हेच पुस्तक पुन्हा एका पौंडाला घेईल,
एका आडव्या रेघेला टांगलेलं ते काहीतरी बघेल,
भिंग काढेल,
आणि पाय मोजायला लागेल.