दाब नाही, म्हणे

जिपारगुलची ओडिसी अंगणात शिरली तेव्हा
डॅशबोर्डवरचं हिरवं 'डी'
कुसळ गेलेल्या डोळ्यासारखं मिचमिचत होतं.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आचका देते, म्हणाली,
ओढ्यापाशी अडून बसणारी घोडी जशी.
बिशकेक ते ओश, आठवड्यातून दोन खेपा,
तो-आशूचा चढ, वरचा तो काळा बोगदा,
आत सहा उतारू
आणि टपावर कुणाच्या तरी लेकीच्या रुखवताच्या गाद्या.

तिघांनी तिला सांगितलं होतं, गिअरबॉक्सच बदल.
तिघांनी तीन आकडे सांगितले.
त्यातल्या सगळ्यात लहान आकड्यात
तिच्या मुलीचं कॉलेजचं एक वर्ष मावत होतं.

मी कोड वाचला.
तिसऱ्या क्लचचा सेन्सर सांगत होता, दाब नाही.
आता दाबच नाही, की सांगणारा खोटं बोलतोय,
बघायचं ते एवढंच.
तेल काढून बोटावर चोळलं.
लाल, जरासं मळलेलं. जळका वास नाही.
सेन्सर उतरवला, त्याच्या भोकात
काच तडकलेला गेज पिळून बसवला.
एडविन कार्लोविचचा.
कायमचा जर्मनीला निघाला तेव्हा देऊन गेला,
सोबत एक पाना होता, तो मी हरवला.
पुढची चाकं हवेत उचलली. जिपारगुलला म्हटलं,
दे हळूहळू.
काटा उठला,
गुडघ्यावर हात टेकून म्हातारा उठतो तसा,
आणि नऊवर जाऊन ताठ उभा राहिला.
गिअरबॉक्स ठणठणीत!

म्हणजे सेन्सर लबाड.
तिलेकला बाजारात पिटाळलं, चौतीसशे सोम.
नवा बसवला, कोड पुसला, चाकं फिरवली.

'डी' मिचमिचलं.

तिलेक हसला नाही, पोराचं भलं होवो.
पायरीवर बसून जिपारगुल
कुरुतचा खारट खडा चघळत होती.
तिनं वर पाहिलं, मग परत खाली.
चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी,
आणि दोरखंडाचा खर्च तिच्या खिशातून.

एडविन कार्लोविच म्हणायचा, आधी वायर.
हेच मी तीस वर्षं
तिलेकसारख्या पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलोय.

दिवा बाजूला ठेवला. दिव्याला काय दिसतं?
कनेक्टरपासून मागे मागे गेलो,
चिमटीत वायर धरून, बोटभर, बोटभर,
डोक्यात केस चाचपून ऊ शोधतात तसा.
बॅटरीच्या ताटाखाली, वळणापाशी,
एक क्लिप कुणी परत लावलीच नव्हती.
जपानात असेल, इथे असेल,
घाईत असेल, माझ्यासारखाच कुणी शहाणा असेल.
वायर लोंबत राहिली,
खड्ड्यागणिक वाकत राहिली.
वरून कातडी शाबूत,
आत बोटाला लागला एक मऊ पोकळ सांधा.
चिरून पाहिलं. तांबं हिरवं पडून तुटलेलं,
दोन तारा केसाएवढ्या एकमेकींना धरून.
इंजिन थरथरलं की त्याही सुटायच्या.
सेन्सर बिचारा काय सांगत होता
ते पुढे पोचतच नव्हतं.

कापली, पिळली, डाग दिला,
वर नळी चढवून लायटरच्या धगीवर आवळली.
क्लिप लावली.
तिलेकच्या लोणच्याच्या बरणीत असल्या शंभर पडल्यात.
जुना सेन्सर पुसून त्याच्या जागी बसवला,
माफी वगैरे मागितली नाही.
नवा दुकानदारानं परत घेतला नाही, तेल लागलंय म्हणाला.
त्याचे पैसे मी दिले. तो फळीवर आहे,
मला दिसेल असा.

संध्याकाळी रिंगरोडवर चक्कर मारली.
जिपारगुल चालवत होती, मी शेजारी, कान टवकारून.
तिसरा कधी आला कळलंच नाही.
ती काही बोलली नाही. तिचा फोन वाजला.
"उद्या पहाटे चार. एकच जागा उरलीय," ती म्हणाली,
"आणि गाद्या असतील तर आत्ताच सांग."