नऊ ते साडेनऊ

गेट उघडतं साडेनऊला.
माणशी शंभर जास्त मोजले तर नऊला.
म्हणजे अर्धा तास तीनशेला.
हिशेब करून सुगंधा गप्प बसली.
तिचं गप्प बसणं मला वाचता येतं,
घाटातल्या वळणावर लावलेला आरसा वाचावा तसं.

मी बावीस वर्षं दापोली डेपोत.
लोकांना वेळेवर पोचवणं हा धंदा,
आणि स्वतः प्रत्येक लग्नात
पंगत उठल्यावर पोचलेलो.
म्हणून या वेळी कागद केला.
पाष्टे कंडक्टर मेव्हण्यांना घेऊन जाऊन आलेला, त्याने सांगितलं:
आत शिरले की सगळे डावीकडे पळतात,
तिथे रंगीत मासा आहे, गाणी असतात.
तुम्ही उजवीकडे जा. थेट शेवटापर्यंत.
मग मागून पुढे या.
पोहायचे कपडे घरूनच आतून घाला.
डबा आत नेऊ देत नाहीत, बाहेरच संपवा.

तसंच केलं.
केळशी फाट्याच्या अलीकडे, सुरूंच्या सावलीत,
घावने आणि शेंगदाण्याची चटणी,
समोर समुद्र ओहोटीला लागलेला.

गेटवरचा मुकादम मनगटाला पिवळा पट्टा बांधताना म्हणाला,
"शिगवण ना? साडेपाचची दाभोळ गाडी?
एकदा धावलो होतो तुमच्या मागे. थांबला नाहीत."
मी पट्ट्याकडे बघत राहिलो.
नऊला दोन मिनिटं कमी असताना
त्याने साखळी काढली.

पळालो. उजवीकडे.
ओल्या फरशीवर रात्रीची पानं,
लाटांचा हौद अजून बंद,
त्याच्या काठावर एक ढोकरी उभी.
तिच्या पायात पट्टा नव्हता.

शेवटच्या पाळण्याचं नाव भोवरा.
रांगेसाठी नागमोडी लोखंडी कठडे, सगळे रिकामे.
खालून वाकून जाता आलं असतं,
पण स्वरांगी मुद्दाम एकेक वळण घेत चालली,
आणि शेवटच्या वळणावर होता लाकडी खेकडा.
त्याच्या नांगीइतकी उंची पाहिजे.
ती दोन बोटं कमी.
तिने टाचा उचलल्या.
"टाचा खाली," मुलगा म्हणाला,
चांगल्या आवाजात म्हणाला, पण म्हणाला.
सुगंधाने तिच्या केसांचा आंबाडा वर बांधून पाहिला.
तरी अर्धं बोट.

कागदावर हे नव्हतं.
नऊ वाजून सात.

"चल बाय, मासा बघू."
"नको. तुम्ही बसा."
"मी?"
"तीनशे रुपये गेलेत," हुबेहूब आईच्या आवाजात.

दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत
माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो.
इथे पायाखाली काहीच नव्हतं,
नुसती हवा,
आणि लांब हर्णैच्या बाजूला चारदोन होडकी.
सगळ्यात वर गेल्यावर पाळणा जरा थांबतो,
वाटतं, चला, झालं.
मग मी ओरडलो.
काय ओरडलो ते सुगंधा सांगत नाही, हसते.
स्वरांगी सांगते:
"पाष्टे, सिंगल मार! सिंगल मार!"

उतरलो तर मागे कोणी नाही.
"परत," ती म्हणाली.
परत.
"परत."
चार वेळा.
ती खाली माझ्या चपला छातीशी धरून
मोठ्याने मोजत होती,
कंडक्टरने सीटा मोजाव्यात तशी,
सीट एकच, आणि फिरून फिरून तीच.

साडेनऊला भोंगा झाला.
डावीकडचा मासा गाऊ लागला.
बघता बघता कठडे भरले,
पोरं, टॉवेल, मावश्या, कुणाची तरी हरवलेली टोपी.
पाटी लागली: इथून पुढे पाऊण तास.

जाता जाता स्वरांगीने खेकड्याला पुन्हा पाठ लावली.
"पुढच्या मे महिन्यात," मुलगा म्हणाला.
मी कागद काढला, मागच्या बाजूला लिहिलं: दोन बोटं.
वर बघतो तर सुगंधा पदर खोचतेय.
"अगो, पाऊण तास आहे."
"असू दे," ती म्हणाली,
पिशवी माझ्याकडे दिली
आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.