कुठल्या नदीचा

गोथेनबर्गला डिसेंबरात साडेतीनला दिवस संपतो.
आमच्या तळघराला त्याचं सोयरसुतक नाही.
बाटलीतला डीएनए कोरडा, पांढरा,
फाटक्या उशीतून निघालेल्या कापसासारखा.
लेबलवर एवढंच: सॅमन मासा, नर.
रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला
की सकाळी तो नसल्यासारखा होतो,
फक्त पाणी पिपेटमधून जरा सावकाश सुटतं.

त्यात मी रुथेनियम सोडते.
मधे एक लांब दांडी, दोन टोकांना धातूचे दोन गोळे.
हेडविग त्याला डंबेल म्हणते.
मला ती बाबांची जाळं विणायची सुई वाटते.

नुसत्या पाण्यात ही सुई आंधळी.
निळा झोत मारा, तासभर मारा,
उजेड गिळून गप्प बसते.
पाणीच तिला पाण्यात पाहतं:
दांडीवरच्या नायट्रोजनांना येऊन चिकटतं
आणि जे उजळणार होतं त्याची ऊब करून टाकतं,
कुणाला कळणारही नाही एवढीशी ऊब.

शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये मात्र
पाण्याला जागा नाही.
तिथे शिरायचं तर एक गोळा आरपार जायला हवा,
आणि पायऱ्या तेवढ्या उघडत नाहीत.
एरवी नाहीत.
कधीतरी, झोपेत कूस बदलावी
तशी एखादी जोडी क्षणभर सुटते,
तेव्हा सुई नेमकी तिथेच टेकलेली असली
तर गेली.
नसली तर परत वाट पाहणं.
हेडविगच्या वहीत या वाट पाहण्याला आकडा आहे:
अकरा तास,
पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

रविवारी, नियम मोडून, एक नळी खिशात घातली
आणि फाल्केनबर्गची गाडी धरली.
बाबा आतल्या गाठीचे.
बोट विकल्यापासून आमच्यात
हवामानापलीकडे बोलणं नाही.
कॉफी झाली. वाऱ्याचं झालं, बर्फाचं झालं.
मग मी स्वयंपाकघरातला दिवा मालवला
आणि निळा टॉर्च लावला.

नळी पेटली.
तांबूस नारिंगी, विझत आलेल्या निखाऱ्याची,
पण हाताला गार.
बाबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली,
बाजारात मासा पाहतात तशी.

मी सांगत सुटले: पायऱ्या, पाणी, सुई,
उद्या पेशीच्या आतलं असंच काही दिसेल म्हणून.
ते म्हणाले, कळलं.
पण मासा कुठल्या नदीचा?

लेबलवर नदी नव्हती.
कंपनीचं नाव होतं, वजन होतं,
दोन ते आठ अंशांत ठेवा, असं होतं.

समुद्रात चार वर्षं भटकून
तो नदी चुकत नाही, बाबा म्हणाले,
आणि तुम्ही ती लिहूनसुद्धा ठेवत नाही?
त्यांचा आवाज चढला होता.
मग ते नद्या सांगायला लागले.
एत्रान. लागान. सेवेओन.
कुठलीचा मासा पाठीवर काळसर,
कुठली गिरणीच्या बांधाने अडली,
कुठल्या वळणावर त्यांच्या वडिलांनी
पाण्याचा नुसता वास घेऊन जाळं परत ओढलं होतं.
टॉर्चची बॅटरी मधेच संपली.
मी दिव्याकडे हात नेला.
राहू दे, म्हणाले.

सोमवारी वहीत, नमुन्याच्या रकान्याशेजारी
मी आणखी एक रकाना आखला: नदी.
हेडविगने पाहिलं, चष्मा वर केला,
काही बोलली नाही.
कंपनीकडून उत्तर आलं, त्यात बॅच क्रमांक आहे.
तो मी तिथे लिहिला नाही.