पहिलटकरीण

आमच्या वस्तीत डॉक्टर नाही.
दिवस भरत आले की हेलिकॉप्टरात बसवतात
आणि इलुलिसातला आणून सोडतात,
एका पिशवीसह, एका पोटासह.

तीन आठवडे वसतिगृहाच्या खिडकीत तोच बर्फाचा डोंगर.
त्याच्याकडे बघत मी मोजे विणले,
उसवले, परत विणले.
मिनिक फोनवर विचारायचा, अजून काही नाही?
जसं काही मीच अडवून धरलंय.

सुरुवात अगदी किरकोळ होती.
कुणीतरी ओली दोरी कंबरेभोवती आवळली, सोडली.
मी चहा केला. पुन्हा आवळली.
मला वाटलं, एवढंच ना? जमेल.
तेव्हाची मी आठवली की तिची दया येते.

रात्री दोनला भिंत धरून उभी होते.
मासळीच्या कारखान्यात पाच वर्षं काढलीत मी,
बोटं बधिर होईस्तोवर हालिबट कापलेत,
वाटायचं, दुखणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
पण ते बाहेरून यायचं, त्याच्यासाठी हातमोजे मिळायचे.
हे माझ्याच ताकदीनं येतं, मला न विचारता.
कळ आली की मी पिपालुक नसते, कुणाची कुणी नसते,
खोलीत कळ असते आणि भिंत.
ओसरली की सगळं एकदम परत:
घड्याळ, दायीच्या बुटांची करकर,
आणि तिच्या मनगटावर माझे दात उमटलेत ही लाज.

दोन कळांच्या मध्ये झोप लागते.
खरंच लागते, दीड मिनिटाची, स्वप्नासकट.

आईला फोन लावला. ती म्हणाली, विसरशील गं,
सगळ्या विसरतात.
तू विसरलीस?
फोनमध्ये नुसता वाऱ्याचा आवाज.
मग म्हणाली, नाही.

पहाटे समुद्रात काहीतरी फुटलं, काच थरथरली.
डोर्ते, आमची दायी, डेन्मार्कची.
म्हणाली, आमच्या भाषेत याला म्हणतात, बर्फ व्याला.
मी हसले, आणि हसता हसता कळ आली.
खोटं आहे ते, मला सांगायचं होतं.
बर्फ नुसता तुटतो.
त्याला कुणी जोर कर म्हणत नाही,
त्याला उलटी होत नाही, टाके पडत नाहीत,
आणि तुटलेला तुकडा कुठे गेला
हे तो वळून बघत नाही.

त्यानंतर कधीतरी मी अगदी शांतपणे म्हणाले,
माझी पिशवी द्या, मी घरी जाते.
सोफियान्ग्वाक, मदतीला असलेली बाई,
माझा घाम पुसत माझ्या भाषेत म्हणाली,
सगळ्या इथंच पोचल्यावर घरी निघतात.
जवळ आलीस.

मग जाळ.
एक गोल, पेटलेली कड, आणि तिच्यात मी ताणलेली.
थांब, आता जोर नको, फुंकर घाल.
फुंकर! जसं काही समोर केक होता.
आणि अचानक काहीतरी गरम, निसरडं,
हातातून मासा सुटावा तसं सुटलं.
मोकळी झालीस, डोर्ते म्हणाली.
मोकळी म्हणजे पहिल्यांदा रिकामी.

छातीवर ठेवली. मुलगी.
मला वाटलं होतं, प्रेम दारातच उभं असेल,
बूट काढून, आत यायला तयार.
ते नव्हतं आलेलं.
थंडी नसताना माझे दात वाजत होते,
पाय कुणा दुसरीचे असल्यासारखे उडत होते,
आणि ही जांभळी, सुरकुतलेली परकी बाई
एकच डोळा उघडून माझ्याकडे बघत होती,
जणू तिलाही कुणी काही नीट सांगितलं नव्हतं.
मी तिला म्हणाले, हं.
इतकंच सुचलं.

वादळ आहे, आज हेलिकॉप्टर नाही.
मिनिक फोनवर रडतो, नाक ओढतो,
मग विचारतो, कसं होतं?
मी तोंड उघडते.
समोर पाव आहे, चीजचा जाड तुकडा आहे,
डाव्या हाताखाली एक पाठ वरखाली होतेय,
काडेपेटीएवढी.
थांब, म्हणते मी,
आधी खाऊ दे.