अक्षरामागे तीन सेडी

आपामच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही.
समुद्राची सुट्टी.
जाळी वाळत पडतात, पोरं होड्यांच्या सावलीत झोपतात,
आणि माझा धंदा होतो.
मी होड्यांवर वाक्यं रंगवतो.
अक्षरामागे तीन सेडी. अक्षराला सावली हवी असेल तर चार.

ओतुवा आली ती वही घेऊनच.
होडी नवी, वावाच्या एकाच खोडातून कोरलेली,
बारा वर्षं मासे धुरवून उभी केलेली.
वहीत एक्केचाळीस वाक्यं.
तिनं उभ्याउभ्याच वाचायला घेतली:
देव उशीर करत नाही.
शत्रूंनो, बघत राहा.
आईचा हात पाठीवर.
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवत ऐकत होतो.
"हे क्वामेनाच्या होडीवर आहे," मी म्हणालो.
"हे तिघांच्या. आणि हे मीच रंगवलंय, दोनदा,
दुसऱ्यांदा स्पेलिंग बरोबर."

"मग सगळंच लिही," ती कडाडली.
"एका अंगाला नवरा कसा बुडाला ते,
दुसऱ्या अंगाला सासरच्यांनी काय काय नेलं ते,
मागे मुलीच्या नर्सिंगची फी."

होडी बावीस हात आहे, मी म्हणालो.
तुझं दुःख लांब आहे.

ती हसली नाही.
वही माझ्या स्टुलावर टाकून गेली.

आठवडाभर मी ती वही वाचली.
अक्षर सुरेख. वाक्य एकही वाईट नाही.
कुठल्याही होडीवर चाललं असतं,
आणि तिथंच घोडं अडलेलं.
पान उलटताना बोटांना धुराचा वास यायचा.
वाक्यांना नाही.

शनिवारी घरातले मासे संपले म्हणून बाजारात गेलो.
ओतुवाच्या पाटीपुढे रांग.
मान वर न करता ती वीस मोजते,
एक वर टाकते,
आणि ढीग गिऱ्हाइकाकडे सरकवते:
"कान बिओ." पुन्हा मोज.
म्हातारीला. पोलिसाला.
मी म्हणालो, विश्वास आहे गं.
"विश्वास घरी ठेव," ती म्हणाली. "कान बिओ."

मी बाजूच्या टोमॅटोवालीच्या खोक्यावर बसून राहिलो.
दुपारपर्यंत सव्वीस वेळा.
तिचं पालुपद, तिलाच ऐकू न येणारं,
जसा आपल्या घराचा वास
आपल्याला कधीच येत नाही.

आमच्या बोलीत मोजणं आणि वाचणं
एकाच शब्दात राहतात,
एका चटईवर दोन भावंडं झोपावीत तशी.
हे मला जन्मापासून माहीत होतं.
कळलं त्या खोक्यावर.

मंगळवारी तिला विचारलं नाही.
रंगवून टाकलं, दोन्ही अंगांना, पिवळ्यावर काळं.

तिनं लांबून पाहिलं. जवळ येऊन पाहिलं.
"हे काय वाक्य झालं?
हे तर मी रोजच म्हणते."
मी ब्र काढला नाही.
तिनं बोट लावून अक्षरं मोजली,
या अंगाची सहा, त्या अंगाची सहा,
पैसे माझ्या तळव्यावर ठेवले
आणि तशीच उभी राहिली.

मी पुन्हा मोजले.
एक सेडी वर होता.

मीठ दोन वर्षांत रंग खातं.
तिच्या होडीवर आता फक्त शेवटचा ओ उरलाय,
तरी ती दिसली की किनाऱ्यावरची पोरं
आपापल्या हातातलं काहीतरी मोजायला लागतात.

माझ्या टपरीवरची पाटी मात्र अकरा वर्षं कोरी.
पांढऱ्याचा एक हात मारून ठेवलाय.
सकाळी काहीतरी सुचतं, खडूनं लिहितो,
संध्याकाळी बाहीनं पुसतो.

काल शेजारची अबा एका होडीकडे धावली.
मी मागे वळूनही न बघता ओरडलो,
दिवसातून शंभरदा ओरडतो तसा:
"हात लावू नको, ओलं आहे अजून!"

ती थबकली.
आणि माझ्या कोऱ्या पाटीकडे
बघत राहिली.