अंगठा

बिश्केकहून नारीनला येताना दोलोन घाटाच्या माथ्यावर
मी गाडी थांबवतो, टायरला लाथ घालून बघतो,
मग सीटखालचा पुडा चाचपतो :
फिल्मचे तीन रोल, मुदत टळलेले, म्हणून स्वस्त.
बाजारातला एक म्हातारा अजून ठेवतो ते,
कुलपं आणि घड्याळाच्या पट्ट्यांच्या मध्ये.

बेर्मेत नऊ वर्षांची आहे.
कॅमेरा शाळेचा, सोव्हिएत काळातला,
पट्ट्याच्या जागी बुटाची नाडी.
साबिरा एजे शिकवतात भौतिकशास्त्र,
आणि शनिवारी स्वतःच्या न्हाणीघरात
दिव्याला लाल कागद गुंडाळून
सहा पोरांना अंधारात उभं करतात.
पोरगी घरी येते ती आंबूस वास घेऊन,
जेवताना बोटं हुंगत बसते.

पहिल्या रोलमध्ये काय होतं सांगू?
किटलीचं नाक. गाईचं अर्धं पोट.
माझी पाठ, पाठीवर ग्रीसचा डाग
(तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला).
आणि प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात
धुरकट, भलामोठा, मध्येच डोकावणारा
तिचा अंगठा.
छत्तीसपैकी छत्तीस.

मी हिशेबी माणूस. डिझेल, भाडं, रोलचे पैसे.
बोललो. जरा जास्तच बोललो.
दुसऱ्या दिवशी एजे थेट स्टँडवर,
माझ्या गाडीत येऊन बसल्या. जायचं कुठेच नव्हतं.
म्हणाल्या, तुम्ही गाडी शिकलात
तेव्हा क्लच कुणाचा जाळलात?
मामाचा, मी म्हणालो.
"मग?"
एवढंच. आणि उतरल्या.

त्यानंतर मी विचारायचं सोडलं.
घोडे आले, घोड्यांचे पाय आले,
शेजारच्या आजोबांची टोपी आली, खाली आजोबा नाहीत.
अंगठा हळूहळू कडेला सरकत गेला
आणि जूनमध्ये कधीतरी
दिसेनासा झाला. मला, खरं सांगतो,
चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरात शिक्षक दिनाची वर्गणी निघाली :
घरटी तीनशे सोम, सोनेरी काठाचा चहाचा सेट.
एजेंच्या कपाटात असे अकरा सेट आहेत,
त्या पितात टवका उडालेल्या वाडग्यातून.
सगळ्या गावाला ठाऊक आहे,
तरी वर्गणी निघतेच, मीही भरलीच.

बेर्मेत म्हणाली, माझं वेगळं आहे.
काय ते सांगेना.
त्या शनिवारी तिने एजेंच्याच न्हाणीघराला
आतून कडी घातली, एजे बाहेर.
त्या अंगणात सरपण रचत राहिल्या,
मी इंजिन चालू ठेवून बसलो. पाऊण तास.
आतून एकदा काहीतरी सांडल्याचा आवाज आला.
एजेंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

हातात ओला कागद घेऊन आली.
काळाभोर, पोस्टकार्डाएवढा,
मधोमध पांढरा अंगठा.
रेघ न् रेघ उठलेली, उतारावर
मेंढरांच्या पायवाटा उठतात तशी.
कॅमेरा नाही, फिल्म नाही :
अंगठा औषधात बुडवला, कागदावर टेकवला,
मग दिवा लावला.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कधीतरी
चुकून झालं होतं, तिने लक्षात ठेवलं.

"हा मुद्दाम आहे," ती म्हणाली.

अंगठा मागितला नव्हता कुणी.
एजेंनी कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.
नव्हतं. मग त्यांनी तो कपड्यांच्या दोरीवर
दोन चिमटे लावून टांगला,
आणि तिघंही आम्ही तो सुकेपर्यंत
थंडीत उभे राहिलो, काहीच न बोलता.

पुढच्या खेपेला मी चार रोल आणले.
चौथा वहीत लिहिला नाही.