पहिली फिल्म

पारोळ्याच्या सरकारी दवाखान्यात
एक्स-रेची खोली जिन्याखाली.
दार लावलं की हायवे ऐकू येत नाही,
फक्त टाकीत फिल्म हलवताना पाण्याचा डुबुक,
आणि हायपोचा वास,
जो माझ्या डब्यातल्या कळण्याच्या भाकरीलाही लागतो.

हर्षाली आली तेव्हा नऊ वर्षांची.
बापाच्या खांद्यावर, डोळे घट्ट मिटून.
"खो-खो खेयतां पडनी," बाप म्हणाला.
मागून आई, "पडनी ते मंगयवारे.
ताप उना शुक्रवारे. पाय खाले टेकस नही."
ते कुणी लिहून घेतलं नाही.
मीही नाही. माझ्या चिठ्ठीवर
'उजवा पाय, गुडघ्याखाली', एवढंच.

गुडघा वाकत होता. तिथे ती रडली नाही.
रडली दोन बोटं खाली,
रुपयाएवढ्या एका जागी, नेमकं तिथेच.
मी कॅसेट सरकवली. "श्वास धर," म्हणालो,
पायाच्या फोटोला श्वास धरावा लागत नाही, सवयीनं म्हणालो.
तिने धरला. किती वेळ सोडलाच नाही.

फिल्म वाळली. उजेडाला धरली.
नडगी स्वच्छ पांढरी. ना चीर, ना तडा.
"हाड चांगलं आहे."
हे सांगायचा अधिकार माझा नव्हता,
पण बापाचा चेहरा असा होता
की कुणीही सांगितलं असतं.

मग ते चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले.
चार दिवस तेल, एक दिवस बिब्बा,
घट्ट पट्टी.
सगळं माझ्या एका वाक्याच्या भरवशावर.

बाराव्या दिवशी परत.
डॉक्टर नजमा तडवी तेव्हा नुकत्याच रुजू झालेल्या.
त्यांनी बापाला बाहेर बसवलं, आईला आत.
आधी काय, पडणं की ताप? मधले दिवस किती?
पाय दुखण्याआधी अंगावर गळू होतं का?
होतं. कोपरावर. फुटलं, वाळलं, विसरलं.
मग पहिल्या इंजेक्शनच्या आधी
बाटलीत रक्त घेतलं.
"आधी जंतूचं नाव कळू दे," म्हणाल्या,
"मग औषध. पण आजच. उद्या नाही."

दुसऱ्या फिल्मवर नडगीच्या वरच्या टोकाला
उंदरानं कुरतडल्यासारखं.
मी आईला दाखवलं. का, मलाही कळलं नाही.
ती बराच वेळ बघत राहिली.
"बोंडअयी," म्हणाली.
"वरतून बोंड हिरवंगार. मझार सरकी खाई जास.
डोमकयी दिसनी का मी त्याच दिनले खुडी टाकस."
मग माझ्याकडे बघून, अजिबात न रागावता,
"हाडले डोमकयी येस नही का, भाऊ?"

येते ना, बाई. ताप येते.
टेकेनासा पाय येतो.
तू शुक्रवारचं म्हणालीस, ती डोमकळीच होती.

धुळ्याला हाडाला भोकं पाडून पू काढला.
पिवळसर, दाट, पेलाभर.
प्रयोगशाळेत जो जंतू वाढला
त्याच्या नावातच सोनं आहे म्हणे.
सहा आठवडे औषध. आधी शिरेतून, मग गोळ्या.
ताप चौथ्या दिवशी उतरला.
बाप म्हणाला, आता बस झालं, घरी नेतो.
आईनं सहाही आठवडे मोजले,
रिकाम्या पाकिटांची चळत रबरानं बांधून
डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

आता ती आठवीत आहे.
वर्षातून एकदा फोटोला येते.
कुरतडल्या जागी नवं हाड भरलंय, जाड, थोडं ओबडधोबड,
सांध्याला धक्का नाही, उंचीत फरक बोटभरही नाही.
श्वास अजून धरते. मीही सांगत नाही की नको.

आणि मी आता साफ फोटो हातात देताना
"चांगलं आहे" म्हणत नाही.
म्हणतो, फोटोत अजून काही नाही.
ताप असेल तर डॉक्टरबाईंना दाखवूनच जा.
लोक वैतागतात. एसटी चुकते त्यांची.

ती पहिली फिल्म माझ्या खणात आहे.
कधी दुपारी खोली रिकामी असली की
जिन्याच्या झरोक्याला धरतो,
आता मला जागा ठाऊक आहे, बोट तिथेच ठेवतो.

काही दिसत नाही.
अजूनही काहीच दिसत नाही.